शून्य नंबरचा नमुना

राकेशला कंपनीने काढलं त्यानंतरच्या सोमवारी विशाखाने ठरवलं, की ज्याच्यामुळे हे झालं त्या माणसाचं नाक कापायचं. तेही त्याच्याच हाताने, चारचौघांत, दिवसाढवळ्या. अंधारात कापलेलं नाक लोकांना दिसत नाही, मग कापून उपयोग काय?

हा माणूस म्हणजे डॉ. श्रीधर खरवंडीकर. पुण्यातल्या एका जनुक-संशोधन संस्थेतले मोठे साहेब. विशाखा तायडे त्यांच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं तंत्रज्ञ होती. रक्त काढायचं तिने, त्यातून डीएनए वेगळा करायचा तिने, वही लिहायची तिने, आणि परदेशात जाऊन भाषण ठोकायचं साहेबांनी, अशी कामाची रीतसर वाटणी होती. विशाखाची त्याला हरकत नव्हती. हरकत घ्यायला वेळ कुणाला होता?

राकेश तिचा धाकटा भाऊ. बी.कॉम. झालेला, हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटा तपासायला लागलेला. सहा महिन्यांत एक दिवस खाडा नाही. कायम होण्याच्या आठवड्यात हातात पत्र पडलं, 'शास्त्रीय सल्ल्यानुसार सदर कर्मचाऱ्याची प्रवृत्ती स्थिर नोकरीस अनुकूल नाही.' त्याच्याबरोबर वस्तीतली आणखी पाच पोरं घरी आली. सहाही पत्रांत शब्द न् शब्द तोच.

"ताई, शास्त्रीय सल्ला म्हणजे काय गं?" राकेशने विचारलं.

विशाखाने पत्र वाचलं आणि बाकीच्या पाच जणांची नावं विचारून घेतली. त्या सहाही जणांचं रक्त तिनेच काढलं होतं.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार दोन साली, साहेबांना एका जनुकाचा नाद लागला. आपल्या मेंदूत नव्याची ओढ लावणारं जे रसायन आहे, त्याच्याशी या जनुकाचा संबंध. त्यात एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणाच्यात चार वेळा, कुणाच्यात सात वेळा. जगातल्या काही शास्त्रज्ञांना असं दिसलं होतं, की माणूस आफ्रिकेतून निघून हजारो वर्षं चालत जिथे जिथे लांब पोचला, तिथल्या लोकांत हा सातवाला तुकडा जास्त सापडतो. म्हणजे ज्यांच्या पायाला भिंगरी तेच पुढे गेले, की पुढे गेलेल्यांत ही भिंगरी उपयोगी पडली म्हणून टिकली, यावर त्यांचे वाद चालू होते. खरे शास्त्रज्ञ असे वाद घालतात आणि शेवटी 'बहुधा' म्हणतात. आमच्या साहेबांना 'बहुधा' हा शब्द चालत नसे.

त्यांना स्थलांतरित लोकांचं रक्त हवं होतं, आणि तसे लोक विशाखाच्या घरचेच होते. बहात्तरच्या दुष्काळात तिचा बाप कचरू अकोल्याकडून बायको-पोरीला घेऊन निघाला तो हडपसरला येऊन थांबला. मागोमाग अर्धा गाव आला, त्याचीच ही वस्ती. साहेब म्हणाले, "विशाखाबाई, आपल्या लोकांना सांगा, रक्ताच्या बदल्यात हिमोग्लोबिन तपासून देऊ. चिठ्ठी घरपोच." विशाखाने घरोघर जाऊन तसा शब्द दिला. लोक सुईला बिचकत होते. तेव्हा तुळजाबाई नावाची साठीची बाई पुढे झाली, पदर सावरून स्टुलावर बसली आणि म्हणाली, "घे व पोरी. तुह्या शब्दावर देतो." एक नंबर तिचा. तिच्या मागून दोनशे अकरा जण बसले.

हिमोग्लोबिन विशाखाने त्याच आठवड्यात तपासलं आणि रजिस्टरात उतरवलं. चिठ्ठ्या कधी वाटायच्या विचारलं, तर साहेब म्हणाले, "आधी पेपर छापून येऊ दे. आपण काय दवाखाना काढलाय?" रजिस्टर कपाटात गेलं. पेपर छापून आला, साहेब दोनदा अमेरिकेला जाऊन आले, रजिस्टर कपाटातच. कपाटाची किल्ली विशाखाकडे. साहेबांना ते कपाट कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

आणि आता हे. हडपसरला तेव्हा दर दोन महिन्यांनी काचेची एक नवी इमारत उभी राहत होती, आणि आतली पोरं चार पैसे जास्त दिसले की पलीकडच्या इमारतीत उडी मारत होती. कंपन्या त्याला ॲट्रिशन म्हणायच्या आणि डोक्याला हात लावून बसायच्या. साहेबांनी त्यांना औषध सुचवलं, की उडी मारणारा माणूस रक्तातच ओळखता येतो. नमुन्यादाखल त्यांनी वस्तीतल्या एकोणीस जणांची, म्हणजे ज्यांच्यात सातवाला तुकडा निघाला त्यांची, यादी कंपनीला दिली. नावानिशी. त्यातले सहा जण कंपनीत होते.

वस्तीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी कांताबाई, विशाखाची आई, नळावरून रिकामी घागर घेऊन परत आली.

"कोणी बोलत नाही मायाशी," ती म्हणाली. "म्हणतात, तुह्या पोरीनं आमचं रगत नेलं आन् आमच्याच पोरायले भटके ठरवलं. तुळजाबाई असती तं दोन शब्द बोलली असती तुह्यासाठी. तेही गेली मांगच्या दिवाळीत."

विशाखाने रिकामी घागर तिच्या हातातून घेतली. तिचा शब्द गेला होता, आणि वस्तीत माणसाकडे दुसरं असतं तरी काय?

सोमवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, आपण नावं द्यायला नको होती."

"बसा ना. उभ्याने रागावलात तर पाय दुखतील," साहेब म्हणाले. "मी कुणाला काढा म्हटलं नाही. मी फक्त यादी दिली."

"एका तुकड्यावरून एक माणूस कसा आहे ते सांगता येत नाही सर. आपल्याच पेपरात तसं लिहिलंय. तळटीप चार."

"वा. तळटीपा वाचता आपण." साहेबांनी चष्मा पुसला. "विशाखाबाई, आमचं घराणं सात पिढ्या एका पेठेत आहे. नदी ओलांडून कुणी बिऱ्हाड केलं नाही. काही लोक टिकतात, काही चालू पडतात. त्यात राग मानण्यासारखं काय आहे? निसर्ग आहे तो."

"माझे वडील सव्वीस वर्षं एका कारखान्यात एकाच मशीनवर होते."

"अपवाद. अपवादांचं मी नेहमीच स्वागत करतो. येताना दार लोटून घेतलं नव्हतंत, जाताना घ्या."

पुण्यात अपमानसुद्धा असा आभार मानल्यासारखा करतात. विशाखाने दार लोटलं. रडू येत नव्हतं, नुसता संताप, अंगाची लाही लाही. नऊ वर्षं 'हो सर' म्हटलं होतं तिने. आता या माणसाला असा धडा द्यायचा की जन्मभर लक्षात राहील.

ती प्रयोगशाळेत आली आणि तीन वर्षांपूर्वीची वही उघडली. कशासाठी, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. वहीत, जेलीच्या थरातून वीज सोडून पळवलेल्या डीएनएच्या तुकड्यांचे फोटो चिकटवलेले होते. प्रत्येक फोटोत उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत एका माणसाचे पट्टे. चारवाला तुकडा आखूड, तो पळत खाली जातो. सातवाला लांब, तो वर रेंगाळतो. आणि प्रत्येक फोटोत डावीकडे पहिली रांग शून्य नंबरची. त्या रांगेत दोन्ही पट्टे, एक वर, एक खाली. बाकीच्यांचे पट्टे या रांगेशी ताडून बघायचे. ज्याचा पट्टा शून्य नंबरच्या वरच्या पट्ट्याच्या रेषेत आला, तो सातवाला.

विशाखा त्या फोटोकडे बघत राहिली आणि मग खुर्चीत बसून एकटीच हसली.

शून्य नंबरचा नमुना कुठला, हे जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. असले ताडून बघायचे नमुने परदेशातून मागवावे लागत, महिनोन्महिने लागत. नऊ वर्षांपूर्वी, ती नवी असताना, साहेबांनी बाही वर करून म्हटलं होतं, "माझंच घ्या हो. घरचा नमुना म्हणून ठेवा." साहेब ते केव्हाच विसरले, पण तेव्हापासून प्रयोगशाळेतली ती पद्धतच पडली. कुठलीही तपासणी असो, पहिल्या रांगेत घरचा नमुना. या जनुकासाठी लावून बघितला तर त्यात चारही निघाला आणि सातही. दोन्ही पट्टे एकाच माणसात म्हटल्यावर ताडायला आणखी काय हवं? विशाखाने वहीत नोंद केली. साहेबांनी वही कधी उघडली नाही, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा तिला वाटलं नव्हतं.

म्हणजे सात पिढ्या एका पेठेत चिकटलेल्या या माणसाच्या अंगात भिंगरी होती. एवढंच नाही, त्याच्याच रक्ताची पट्टी लावून त्याने एकोणीस लोकांना भटकं ठरवलं होतं.

आता हे नुसतं चव्हाट्यावर मांडून भागणार नव्हतं. विशाखा साहेबांना ओळखून होती. एकदा त्यांची गाडी रस्त्याच्या दुभाजकावर चढली, तर गृहस्थाने महिनाभर पत्रं लिहिली की दुभाजक एक फूट लांब झालाय. हा माणूस स्वतःला उणं म्हणवून घेणार नाही. स्वतः बदलण्यापेक्षा तो त्या जनुकाचं चारित्र्य बदलेल. आणि विशाखाला नेमकं तेच हवं होतं. तिने ओठ दाबून तीन आठवडे कळ काढली. 'हो सर' आधीपेक्षा गोड म्हटलं.

तीन आठवड्यांनी कंपनीच्या सभागृहात कार्यक्रम होता. चार हजार कर्मचाऱ्यांच्या रक्ततपासणीचा करार व्हायचा होता. समोर दीडशे माणसं, पहिल्या रांगेत कंपनीच्या नोकरभरती विभागाच्या प्रमुख नम्रता मॅडम, मागे व्हिडिओवाला. स्लाइड बदलायला कॉम्प्युटरपाशी विशाखा. साहेबांच्या भाषणात फोटो नेहमी डावीकडून कापलेला असे, कारण शून्य नंबरची रांग बघून लोक उगाच प्रश्न विचारतात. विशाखाने त्या दिवशी अख्खा फोटो लावला.

साहेब रंगात आले होते. आफ्रिकेतून निघालेली माणसं किनाऱ्याकिनाऱ्याने चालवत त्यांनी पार दक्षिण अमेरिकेपर्यंत नेली. मग काठीने पट्टा दाखवून म्हणाले, "हा वरचा. हा दिसला की समजा, पक्षी उडणार."

नम्रता मॅडम म्हणाल्या, "पण सर, सगळ्यात पहिल्या रांगेतच तो दिसतोय. हा कोण?"

"तो ना, तो आपला ताडून बघायचा नमुना. बाहेरचा असतो."

"नाही सर," विशाखा म्हणाली. आवाज अगदी साधा. "घरचा आहे. आपणच दिला होतात, पहिल्या वर्षी. आपलं रक्त आहे ते."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पेला उचलला, सावकाश पाणी प्यायले, आणि तेवढ्या वेळात त्यांचं डोकं कुठे धावतंय ते विशाखाला इथून दिसत होतं. चल, पुढे हो, ती मनात म्हणत होती. चढ त्या दुभाजकावर.

"आता बघा गंमत," साहेब म्हणाले. "मी मुद्दामच सांगणार होतो शेवटी. हा तुकडा म्हणजे निव्वळ भटकेपणा, असा एक बाळबोध समज आहे. खरं तर हे धाडस आहे. नेतृत्व आहे. टोळी जागची हलत नव्हती तेव्हा जो पहिला उठला आणि म्हणाला चला, त्याच्या रक्तात हे होतं. कोणतीही संस्था उभी राहते ती अशाच माणसांच्या जोरावर."

टाळ्या पडल्या. साहेबांनी मान लववली. विशाखाने टाळ्या थांबू दिल्या आणि विचारलं, "सर, हे अहवालात असंच घालू ना? शब्द न् शब्द?"

"घाला की. त्यात विचारायचं काय?"

तो दिवस बुधवार होता. गुरुवार हा साहेबांच्या सह्यांचा. हाही त्या प्रयोगशाळेचा जुना रिवाज. आठवडाभराचे कागद एका फायलीत घालून ठेवायचे, साहेब फोनवर बोलत बोलत कोपऱ्यात सही करत जातात, वाचतात फक्त वरचा कागद. विशाखाने वीस कागद ठेवले. सगळ्यांत वर त्यांचा स्वतःचा. 'सदर व्यक्तीच्या रक्तात धाडस व नेतृत्वगुणांशी निगडित जनुकरूप आढळले असून अशी व्यक्ती कोणत्याही संस्थेचा आधारस्तंभ ठरते.' साहेबांनी तो वाचला. 'धाडस' खोडून 'नेतृत्वगुण' आधी घेतलं आणि म्हणाले, "जाड कागदावर छापा, फ्रेम करू." मग फोन कानाला लावला, बहुधा मेहुण्याला आपल्या रक्ताची हकीकत सांगायला, आणि खालच्या एकोणीस कागदांवर सटासट सह्या केल्या. तोच मजकूर, तोच जनुक. फक्त नावं वेगळी. पहिलं नाव राकेश कचरू तायडे.

सोमवारी सहा पोरं इस्त्रीचे शर्ट घालून कंपनीत गेली. प्रत्येकाच्या एका हातात काढून टाकल्याचं पत्र, दुसऱ्या हातात साहेबांचं प्रमाणपत्र. नम्रता मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि साहेबांना फोन लावला. स्पीकरवर. राकेश समोरच उभा होता, त्यानेच पुढे घरी सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"सर, त्याच माणसाचा तोच पट्टा. तुमच्या यादीत तो अस्थिर आहे, तुमच्या सहीने तो आधारस्तंभ आहे. आम्ही यातलं काय मानायचं?"

साहेब कोंडीत सापडले. यादी खरी म्हणावी तर स्वतः भटके. प्रमाणपत्र खरं म्हणावं तर यादी खोटी. सही आपली नाही म्हणावं तर व्हिडिओत तेच शब्द. शेवटी साहेब म्हणाले, "संदर्भ बघावा लागेल."

"बघा सावकाश," मॅडम म्हणाल्या. "तोवर आमच्या पोरांना घरी बसवायचं आणि तुम्हाला हार घालायचा, हे काही जमायचं नाही."

करार बारगळला. सहाही जणांना परत घेतलं. संशोधनातली नावं बाहेर कशी गेली याची संस्थेने चौकशी लावली, आणि महिन्याभरात साहेबांना केबिन रिकामी करायला सांगितलं. सात पिढ्या न हललेला माणूस दोन खोकी घेऊन जिना उतरला. विशाखा मुद्दाम जिन्यात उभी राहिली. तिला ते बघायचंच होतं.

साहेब थांबले. "विशाखाबाई, नऊ वर्षं मी तुम्हाला ओळखतो असं समजत होतो."

"मी मात्र ओळखत होते सर, आपल्याला," ती म्हणाली.

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोटभर आनंद झाला. संध्याकाळी ती मंडईत उतरली, डझनभर सीताफळं घेतली आणि स्वारगेटवरून हडपसरची बस पकडली. बसमध्ये खिडकीपाशी बसून तिने साहेबांचा तो जिन्यातला चेहरा चार वेळा आठवून पाहिला.

कांताबाईने सीताफळ फोडलं, दोन बिया थुंकल्या आणि म्हणाली, "बरं केलं. राकेशचं झालं. आता त्या चिठ्ठ्यायचं काय? तू शब्द देल्ला होता ना?"

विशाखाने दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. आता नको म्हणणारं कुणी नव्हतं. तिने दोनशे बारा चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या, नाव, आकडा, शेरा, तारीख. सरळ रजिस्टरातून उतरवत गेली. तुळजाबाईचं नाव पहिलंच आलं, तिथे पेन थांबलं, आणि तिने ती चिठ्ठी लिहून गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. रविवारी ती आणि कांताबाई वस्तीत निघाल्या. लोक चिठ्ठ्या घेत होते. कुणी म्हणालं, लवकर आणली व माय. कुणी चहाला बसवलं. नळावरच्या बायका कांताबाईशी बोलल्या. गेलेला शब्द परत येतोय, असं विशाखाला वाटलं. गठ्ठा कमी कमी होत गेला आणि शेवटी हातात एकच उरली.

तुळजाबाईच्या दारात तिची सून सुशीलाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवून हात पुढे केला.

"आत्याबाईची काय? दे."

विशाखाने दिली. सुशीलाबाई सातवी शिकलेली, तिने बोट ठेवून वाचलं. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ. तातडीने डॉक्टरांना दाखवावे. मग तारीख.

"पाच म्हणजे लयच कमी ना व?" ती म्हणाली. "धाप लागे तिले. दोन वर्सं नुसती धाप. आमी म्हणो, वयानं हाये." तिने पुन्हा तारखेवर बोट ठेवलं. "हे तं तीन वर्साआधीचं हाये."

"हो."

"मंग तवाच काहून नाही देल्ली? त्या साह्यबानं अडवली होती काय?"

कांताबाईने मान वर करून लेकीकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर विशाखा तिथेच सुटली असती. साहेबांच्या नावावर आता काहीही खपलं असतं, सगळी वस्ती त्यांच्या नावाने बोटं मोडत होती.

"त्यांनी नंतर देऊ म्हटलं होतं," विशाखा म्हणाली. "पण त्यांना कपाटसुद्धा माहीत नव्हतं. किल्ली माझ्याकडे होती."